साबणाचा खर्च

रविवार, २२ फेब्रुवारी
दुपार

प्रिय ताई,

किती महिने झाले तुला पत्र नाही. फोनवर बोललो ते ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’ एवढंच. या गप्प बसण्याबद्दल आधीच माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहून मोकळी झाले असते, पण तसं लिहिलं आणि खोडलं. व्याप होता हे खरं, पण त्यामुळे गप्प होते हे खरं नाही. काय खरं ते पुढे येईल. तोवर वाच.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? अजून जिना चढताना कठड्याला शिव्या देतात का? त्यांना म्हणावं, कठड्याचा काही दोष नाही, पंचवीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवलंत त्याचा आहे. तुझं मागचं आवार कसं आहे? लिंबाला फळ धरलं का? आणि ती मागची खोली रिकामीच आहे, की त्यातही कुंड्या भरल्यास?

माझी इथली खोली सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून हवा भरल्याचा आणि टायर फुटल्याचा आवाज. खिडकीची कड मी सकाळी पुसते आणि संध्याकाळी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं. हे कवित्व नाही, खरंच लिहून पाहिलं. समोर ओतकामाच्या दोन भट्ट्या, पलीकडे रंगाचा कारखाना आणि सगळ्यांत मोठा बॅटरीचा. वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळपर्यंत आपोआप रंगवून मिळते. फुकट!

तू विचारायचीस, आरोग्य खात्यात बसून मी नक्की करते काय. तर सध्या हे करते: इथल्या कामगारांच्या घरांत पैसा कशावर जातो आणि त्याच घरात कोण कशानं आजारी पडतं, हे शेजारी शेजारी मांडून बघायचं. हाताखाली पाच-सहा मुली आहेत, त्या दारोदार फिरून फॉर्म भरतात आणि मी ते तपासते. खाणं, भाडं, इंधन, औषधपाणी, शिक्षण, व्यसन, इतर. ‘व्यसनावर महिन्याला किती?’ असं विचारलं की बायका विचारतात, ‘नवरा धरून की सोडून?’ एकीनं सांगितलं, ‘लिहा, एक नवरा.’ माझ्या हाताखालची नवी मुलगी खरंच लिहायला लागली होती.

मी मनात एक गणित धरून आले होते. जे घर दूध-अंडी-भाज्यांवर जास्त खर्च करतं, तिथली मुलं जास्त धडधाकट. बहुतेक ठिकाणी ते बसतंही. पण बॅटरीच्या कारखान्यामागे मजुरांच्या घरांच्या तीन ओळी आहेत आणि त्यातली मधली ओळ माझ्या गणितात बसेना. कारखाना तोच, पगार तेच, भिंतीला भिंत. दूध तर आजूबाजूच्या ओळींपेक्षा कमीच घेतात. पण औषधपाण्याचा खर्च घसरत चाललेला, मुलांच्या पोटदुखीच्या तक्रारी नाहीत, शाळेतल्या गैरहजेऱ्या कमी. आणि ‘इतर’ या रकान्यात प्रत्येक घराचा खर्च फुगलेला.

‘इतर’ फुगलं की आम्हाला वास येतो. दारू, जुगार, सावकार, काहीतरी लपवलेलं असतं. मुलींना म्हटलं, ही ओळ मी स्वतः बघते.

ताई, त्या ओळीत कोण राहतं हे मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक आहे. या गावात बदली झाली त्या दिवशी तू फोनवर एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागलीस आणि मीही हवापाण्याबद्दल बोलले. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. इथे आल्यावर दोन महिने मी त्या रस्त्यानं गेलेही नाही. तिच्याकडे गेले तर तुझ्याशी काय बोलू, न गेले तर स्वतःशी काय बोलू, असं चाललं होतं. शेवटी ‘इतर’ रकान्याचं निमित्त मिळालं आणि निघाले. निमित्त होतं, हे मी माझ्या डायरीत त्याच दिवशी लिहून ठेवलं, म्हणजे नंतर स्वतःलाच कर्तव्याचं कौतुक सांगायला नको.

मधल्या ओळीच्या तोंडाशी जुन्या वजनकाट्याची पत्र्याची शेड आहे. तिथं स्टुलावर एक म्हातारे बसले होते. भट्टीवर काम करून निवृत्त झालेले. आवाज असा की सगळे त्यांना भोंगा म्हणतात, तोंडावर भोंगाआजोबा.

‘चपला इथे,’ ते म्हणाले.

‘अहो, मी कारखान्यात जात नाही.’

‘मग तुम्हाला सोपं जाईल. काढा.’

काढल्या. त्यांनी मला ओळीतल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या रबरी सपाता दिल्या. दोन्ही डाव्या पायाच्या. तशी फरफटत मी पुढे निघाले, तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला, खरा भोंगा, आणि कारखान्याच्या फाटकातून माणसं येऊ लागली. करडी माणसं, ताई. केस, भुवया, कान, सगळं एका रंगाचं. बाकीच्या दोन ओळींतली तशीच घरी गेली, दारातच पोरं पायांना बिलगली. मधल्या ओळीतली एकजात शेडमध्ये शिरली. आत नळ चालू झाल्याचा आवाज, हसणं, शिव्या. एक जण ओरडला, ‘माझ्या आईनंसुद्धा मला एवढं घासलं नव्हतं!’ बाहेरून भोंगाआजोबा म्हणाले, ‘म्हणून तर असा निघालास. कान!’ आणि थोड्या वेळानं तीच माणसं दुसऱ्या दारानं बाहेर आली. धुतलेले कपडे, ओले केस, प्रत्येकाला आपापला रंग परत मिळालेला. मग घर.

कपडे आणि बूट आत राहतात. कधीही, कुठल्याही सबबीवर, ते ओळीत यायचे नाहीत. शेडच्या मागे ते धुतले जातात आणि सकाळी वाळलेले मिळतात. बॅटरीत शिसं असतं. ते पिठासारखं कपड्यांवर बसतं, घरी येतं, अंथरुणावर, ताटावर, रांगणाऱ्या पोराच्या तळहातावर. पोराचं पोट दुखतं, मग हाडाला अन् डोक्याला लागतं, शिकलेलं लक्षात राहत नाही. दूध-अंडी चारून ते निघत नाही. ते आत येऊच द्यायचं नाही, हा उपाय.

आणि ‘इतर’ म्हणजे साबण. साबण, पाणी तापवायचं इंधन, जादा कपड्यांचा एकेक जोड. पगार झाला की प्रत्येक घरानं आधी धुणंघराची वर्गणी द्यायची, मग भाडं, मग खाणं. माझ्या फॉर्मात साबणाला रकानाच नव्हता.

‘ही कल्पना कुणाची?’ मी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या तोंडात टाचण्या धरून बोलत होत्या.

‘आमच्या ढमीची,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही ओळखता?’

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तुझी ढमी, ताई. तिथेही ती ढमीच आहे. तिनंच सांगितलं असणार ते नाव, कारण दुसरं कोण सांगणार?

सगळं मला एकदम कळलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळलं. तीन वर्षांपूर्वी शेजारचा मुलगा सारखा आजारी पडायचा. ढमी त्याला कामगार दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे बापाच्या कपड्यांतून येतंय. ढमी घरी आली आणि ओळीतल्या बायकांना म्हणाली, बापांना बाहेरच धुवायचं. बायका हसल्या. पुरुष त्याहून जास्त. मग ती मॅनेजरकडे शेड मागायला गेली. मॅनेजर म्हणाले, विचार करू. तिनं पिशवीतून नवऱ्याचा कामावरचा सदरा काढला आणि त्यांच्या टेबलावर झटकला. फायली, चहाचा कप, सगळं करडं.

‘अहो, हे काय करता?’

‘काही नाही साहेब. आमच्याकडे रोज जेवायच्या वेळेला होतं. तुम्हाला दाखवलं.’

शेड मिळाली. पाण्याची जोडणी मिळाली. बाकी काही मिळालं नाही, बाकीचं ओळीनं केलं. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, ‘पहिल्या महिन्यात माझ्या नवऱ्यानं उपाशी राहीन पण वर्गणी देणार नाही म्हटलं. ढमी म्हणाली, राहा. खरंच राहिला हो, दुपारपर्यंत.’

तू तिला लहानपणी भाजी टोपलीतून कशी निवडायची ते शिकवायचीस, आठवतं? एकेक पान उलटून बघायचं. तिचं धुणंघर तसं आहे. कपड्यांचे पाच ढीग, प्रत्येकाला वेगळा हौद. शेडची जमीन कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. नखं कापायची कात्री दोरीनं भिंतीला बांधलेली, कारण पुरुषांच्या हाती दिलेली कात्री परत येत नाही असं तिचं म्हणणं. मी खात्यात एवढी वर्षं आहे. योजना बघितल्या, उद्घाटनं बघितली, फिती कापताना टाळ्या वाजवल्या. कुणी न सांगता चाललेलं असं काम बघितलं नव्हतं. माझी भाची म्हणून लिहीत नाही. मी दोनदा स्वतःला तपासून मग लिहिते आहे.

आणि तुझा जावई. तू त्याला ‘तो बॅटरीवाला’ म्हणतेस. माणूस कमी बोलतो. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यानं खुर्ची पुसली, मग पुन्हा पुसली, मग म्हणाला, ‘मावशी, तुम्ही बसणार ना? नाहीतर मी अजून पुसत राहीन.’ दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीला ओलं फडकं. मी बसले. ढमी दारात उभी राहिली आणि पहिला प्रश्न तिनं हा विचारला: ‘आईचा खोकला गेला का गं?’ तुझा खोकला! तू चार वर्षांपूर्वी, ती निघाली तेव्हा खोकत होतीस ना, तेवढंच तिच्याकडे शेवटचं आहे.

संध्याकाळ

दुपारी इथेच थांबले. बाहेर चक्कर मारून आले. खालच्या दुकानदारानं विचारलं, ‘बाई, एवढं काय लिहिताय, रिपोर्ट?’ हो म्हटलं. तसा तो आहेही.

इतकं कौतुक वाचून तुला संशय आला असेल. तू मला ओळखतेस. एखाद्याबद्दल वाईट सांगायचं असलं की मी आधी त्याच्या अक्षराची स्तुती करते, हे तूच म्हणतेस. पण यातला शब्दही खोटा नाही. फक्त तो अटीवर लिहिलेला आहे. ‘आईला लिहितेस तर लिही,’ ढमी म्हणाली, ‘माझं काम लिही. दुसरं काही लिहू नकोस.’ मी हो म्हणाले होते. आता दिवसभर बसून लक्षात येतंय की मला ते पाळता येणार नाही.

ताई, ढमी आता ढमी राहिलेली नाही. पहिल्याच दिवशी पाहिलं, पण मला वाटलं संसार, काम, वय. गालफडं दिसतात. हिरड्या फिक्या. भांडं उचलताना मनगट खाली लवतं आणि ती दुसऱ्या हातानं सावरते, तेही गप्पा मारत, कुणाचं लक्ष जाऊ नये अशा बेतानं. पोटात कळ येते तेव्हा वाक्य मध्येच थांबवते आणि कळ गेली की तिथूनच पुढे नेते.

आणि तिला पाचवा महिना आहे.

हे वाक्य तिनं तुला सांगायला हवं होतं. मी सांगते आहे, म्हणून आधीच माझ्यावर रागव.

काय झालं ते नीट सांगते. एका सकाळी मी शेडच्या मागच्या बाजूला गेले. ढमी धुणं हौदात टाकण्याआधी एकेक कपडा हातात धरून भिंतीवर झटकत होती. तोंडाला ओढणी बांधलेली. सूर्य समोर होता आणि तिच्याभोवती करड्या धुक्यासारखं काहीतरी तरंगत होतं. ‘आधी झटकलं की निम्मा मळ इथेच पडतो,’ ती मला समजावून सांगू लागली, ‘मग साबण निम्मा लागतो. पाणीपण. नाहीतर वर्गणी दुप्पट करावी लागली असती, आणि दुप्पट कुणी दिली नसती.’ मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते हुशारीचं वाटलं. बचत कशी करतात याचा नमुना म्हणून मी ते टिपूनही घेतलं. तिच्या मनगटाकडे पाहून त्या टिपणाचा खरा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. आणि मी खोलीचा जिना न चढता तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले.

पहिल्यांदा झटकायच्या पाळ्या होत्या. मग ढमीनं नियम केला: ज्या बायकांची लहान मुलं आहेत किंवा ज्यांना दिवस गेलेत त्यांनी झटकायचं नाही. ‘माझं अजून कुणी नाही, मी करते.’ तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, ती एकटी करत आली. मग तिला दिवस गेले, आणि नियम तिचाच असूनही तिनं तो स्वतःला लावला नाही. का, म्हणून विचारलं. म्हणाली, ‘मग झटकणार कोण?’ म्हणजे एका ओळीतल्या सगळ्या घरांत थोडं थोडं जाणारं शिसं तिनं दारातच अडवलं आणि एका जागी गोळा केलं. ती जागा म्हणजे ती.

डॉक्टरीणबाईंनी ढमीचं रक्त तपासलं. शिसं मर्यादेच्या बरंच वर आहे आणि रक्त कमी. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, ‘घाबरायचं कारण नाही, आणि थांबायचंही कारण नाही. आईच्या अंगातलं बाळाकडे जातं. ती आज या धुळीतून बाहेर पडली, दूध-पालेभाजी-लोहाच्या गोळ्या, झोप, असे पुढचे महिने गेले तर बाळाचं बरंच काही वाचेल. इथे राहिली तर मी शब्द देणार नाही.’ बाहेर म्हणजे कुठे, मी विचारलं. ‘जिथे खिडकीची कड संध्याकाळीही स्वच्छ असते,’ त्या म्हणाल्या.

मी घरी जाऊन ढमीला सांगितलं. ती बराच वेळ चहाच्या कपाची कड बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे अख्ख्या ओळीची धूळ मी एकटीनं खाल्ली? लहानपणी आई म्हणायचीच, दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नकोस.’ आणि हसली. मी हसले नाही. तिचा नवरा उठून बाहेर गेला आणि नळाशी जाऊन हात धूत बसला. ते आधीच स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं असेल? रडली असेल, निजून राहिली असेल असं मला वाटलं. मी गेले तेव्हा ती शेडमध्ये उपड्या घमेल्यावर उभी राहून सगळ्या ओळीशी बोलत होती.

‘मी तुम्हाला चुकीचं शिकवलं,’ ती म्हणाली. ‘झटकायचं नाही. कपडा अंगावरून निघाला की तसाच पाण्यात. साबण दुप्पट लागेल.’

‘दुप्पट?’ मागून एक बाई म्हणाली. ‘अगं, पोरांच्या वह्या आहेत, दिवा आहे...’

‘माहितेय. म्हणून सांगते, या महिन्यात मी माझी दुप्पट देते. तुम्ही ठरवा.’

‘तू कशाला देतेस?’ शिवणवाल्या बाई ओरडल्या. ‘आत्तापर्यंत तूच दिलंस ना? अंगानं!’ मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. ‘माझ्या मशीनवर रोज एक जादा झबलं निघेल, ते धुणंघराला. तुमचं बोला.’ एक म्हणाली, घरात टीव्हीचं कनेक्शन आहे, पोरं अभ्यासच करत नाहीत, बंद करते. दुसरी म्हणाली, नवऱ्याच्या सिगारेटी. नवरा तिथेच होता. ‘अगं, मला विचार तरी.’ ‘विचारलं ना आत्ता, सगळ्यांसमोर.’ भोंगाआजोबांनी स्टुलावरून जाहीर केलं, हौद मी भरीन, आणि ज्याला वाटतं म्हातारा भरू शकत नाही त्यानं पुढे यावं. कुणी आलं नाही. आता तिथे झटकायला बंदी आहे. सगळ्या बायका पाळीनं धुतात, रबरी हातमोजे घालून, आणि ढमीला शेडच्या मागे पाऊल टाकू देत नाहीत. मॅनेजरकडे धुलाई कारखान्यानंच करावी म्हणून अर्ज गेला आहे. त्यावर ते विचार करताहेत. आता त्यांचं टेबल कोण झटकणार, यावर ओळीत हसणं चालू आहे.

तर धुणंघर सुटलं. ढमी सुटलेली नाही.

तिच्या नवऱ्यानं शिशाच्या प्लेटांच्या खात्यातून पॅकिंगमध्ये बदली मागून घेतली, पगार कमी असून. तो म्हणाला, ‘तिला जाऊ दे, मी इथलं बघतो.’ पण जायचं कुठे? त्याचे आईवडील याच ओळीत होते, तेही गेले. माझी खोली तर धुराच्या तोंडाशीच आहे, आणि घरी कुणाचं बाळंतपण करणं मला येत नाही. तिला म्हटलं, आईकडे जा.

‘नाही,’ ती म्हणाली.

‘का?’

‘मी निघाले तेव्हा आई काय म्हणाली, तुला माहीत नाही का? त्या धुराच्या गावात जातेस तर जा, पण उद्या खोकत माझ्या दारात येऊ नकोस. मावशी, मी ठरवलं होतं, आईला एक दिवस इथे बोलवीन. दोरीवर पांढरी चादर वाळत असेल आणि ती पांढरीच असेल. ती बघून आई काही बोलणार नाही, फक्त चादरीला हात लावून बघेल. तोपर्यंत जायचं नाही. आजारी होऊन तर नाहीच.’

ताई, तू ते बोललीस तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुझ्या आवाजात राग किती होता आणि भीती किती, हे मला ऐकू आलं होतं. तिला फक्त शब्द ऐकू आले. चार वर्षं ती ते शब्द घेऊन साबणाचं पाणी ढवळते आहे. मला वाटतं, ओळीतल्या एकाही पोरानं खोकू नये यामागेही तूच असशील. तिला विचारलं तर नाही म्हणेल. तुला विचारलं तर तूही नाही म्हणशील. दोघींचा हट्ट एकाच कापडाचा आहे.

आणि ती खोकत येणार नाही, हे लक्षात घे. तिला खोकला नाहीच. तिच्या बोटांना मुंग्या येतात, पोट दुखतं, चढण चढताना थांबावं लागतं. तू घातलेल्या अटीत यातलं काही बसत नाही. तुझ्या शब्दाला धक्का न लावता तुला दार उघडता येईल. हा वकिली युक्तिवाद झाला, मला कळतंय. पण लेक आणि नातवंड यांच्यासाठी मला तोही करायला लाज वाटत नाही.

तुला मी ‘तिला बोलव’ असं म्हणत नाही. बोलावलंस तरी ती येणार नाही. तू ये. तिला न्यायला म्हणून नको. धुणंघर बघायला ये. दोन्ही डाव्या पायाच्या सपाता घाल आणि भोंगाआजोबांची बोलणी खा. हौद बघ, ढीग बघ, भिंतीला बांधलेली कात्री बघ. तुला आवडो न आवडो, ते बघून झाल्यावर तुला काहीतरी बोलावंच लागेल, आणि तू जे बोलशील ते ढमीला ऐकायचं आहे. त्यानंतर ती तुझ्याबरोबर गाडीत बसेल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण बसली तर ती हरून येणार नाही, तू घेऊन येशील. या दोन्हीत फार फरक आहे, आणि तो तिला कळेल.

लवकर ये. तिला इथून हलवायला डॉक्टरीणबाई महिने देत नाहीत, आठवडे देतात. मागच्या खोलीत कुंड्या असतील तर त्या हलव. भाऊजींना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझ्या मते दाखव. ते जिना उतरून निघायच्या तयारीला लागतील आणि गुडघा विसरतील.

तिची अट मोडून हे सगळं लिहिलं खरं, पण चोरून तुझ्याकडे पाठवायचं नाही. माझं एवढं तरी नीट असू दे. ती नाही म्हणाली तर मी भांडेन, मग पुन्हा वाचेन, आणि पुन्हा भांडेन. पण तिनं मान हलवल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही.

तुझी, तुझ्या बाजूची आणि तिच्याही,
धाकटी

उद्याचं काम: हे पत्र ढमीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणं.